दुसरी टेप अडते तेव्हा

जुनं कपाट आवरताना कधी एखादा पुठ्ठ्याचा खोका निघतो. आत गाण्याच्या कॅसेटपेक्षा लहान अशा चार कॅसेट. प्रत्येकीवर बॉलपेनने लिहिलेलं असतं: बॅकअप १/४, २/४, ३/४, ४/४, आणि खाली १९९७ किंवा ९८ची तारीख. मुलं विचारतात, हे काय? काका म्हणतात, "टाकू नका रे, त्यात कुलवृत्तांताचं सगळं टायपिंग आहे."

काकांचं म्हणणं खरं असू शकतं. वडोदरा, इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबाद अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या घराण्यांनी नव्वदच्या दशकात कुलवृत्तांताची कामं हौसेनं केली. गावोगावी पत्रं पाठवली, आलेली माहिती कुणाच्या तरी ऑफिसात किंवा छापखान्यात कामाची वेळ संपल्यावर टाइप करून घेतली. छापील पुस्तकात त्यातला निवडक भागच येतो. उशिरा आलेल्या शाखा, लांबलचक आठवणी, "हे छापू नये" असा शेरा मारलेल्या हकिगती संगणकातच राहतात. तो संगणक केव्हाच भंगारात गेला. उरल्या या चार टेप.

निव्वळ मजकुराला चार टेप लागत नाहीत. त्या काळच्या डीडीएस-२ जातीच्या एका टेपवर ४ जीबी मावत, आणि अख्खा कुलवृत्तांत काही एमबींमध्ये बसला असता. चार टेप लागल्या, कारण बॅकअप संपूर्ण मशीनचा होता: हिशेब, पत्रव्यवहार, छपाईची पानं, स्कॅन केलेली चित्रं, आणि या सगळ्यात कुठेतरी आपल्या कामाचा एक फोल्डर. तो पहिल्या टेपवर असेल की तिसऱ्या, हे लेबलावरून कळत नाही. म्हणून दुसरी टेप खराब निघाली, तर प्रश्न फक्त दुसरीचा राहत नाही.

असा बॅकअप बहुधा तीन पायऱ्यांत झालेला असतो. पहिली पायरी म्हणजे सगळ्या फाइली एकामागून एक ओवणं. युनिक्सवर हे काम 'टार' नावाचा प्रोग्रॅम करतो. तो मूळचा टेपसाठीच, १९७९च्या सुमाराचा. प्रत्येक फाइलच्या आधी तो ५१२ बाइटची एक चिठ्ठी लावतो: फाइलचं नाव, आकार, तारीख. चिठ्ठी, फाइल, चिठ्ठी, फाइल, अशी माळ. ही माळ मध्ये तुटली तरी पुढची चिठ्ठी शोधून पुन्हा सुरुवात करता येते. एवढ्यावरच थांबलेल्या बॅकअपमधून सोडवणूक त्यामानाने सोपी असते.

दुसरी पायरी दाबण्याची, म्हणजे कॉम्प्रेस करण्याची. टेप महाग होत्या, म्हणून ती माळ 'जीझिप'मधून काढली जाई. तिसरी पायरी कापण्याची. दाबलेला प्रवाह एका टेपवर मावला नाही की उरलेला दुसरीवर, मग तिसरीवर. ग्नू टार हा प्रोग्रॅम दाबणं आणि अनेक टेपांवर कापणं या दोन गोष्टी एकदम करायला सरळ नकार देतो. त्या नकारात शहाणपण आहे. पण टेप वाचवायच्या म्हणून लोकांनी आडवाट काढली: एका प्रोग्रॅमने ओवायचं, दुसऱ्याने दाबायचं, तिसऱ्याने कापायचं.

दाबलेल्या माळेत एक जखम पुढचं सगळं का खाते, ते जुन्या वह्यांच्या उदाहरणाने चटकन कळतं. हिशेबाच्या वहीत एकच गावाचं नाव दहा ओळींत आलं, तर कारकून ते पहिल्या ओळीत लिहितो आणि पुढे "वरीलप्रमाणे" म्हणतो. जीझिप हेच करतो. "इतकी अक्षरं मागे जा आणि तिथून इतकी अक्षरं उचल" अशी खूण तो लिहितो. मागे जाण्याची मर्यादा ३२,७६८ बाइटची. आता वहीचं वरचं पान फाटलं, तर खालच्या पानावर नुसते "वरीलप्रमाणे" उरतात. वर काय होतं? शिवाय उचललेल्या मजकुरातूनच पुढच्या ओळी पुन्हा उचलतात, त्यामुळे पोकळी पुढे सरकत राहते.

दुसरी अडचण याहून वाईट. जास्त वेळा येणाऱ्या अक्षरांना जीझिप आखूड खुणा देतो आणि क्वचित येणाऱ्यांना लांब, आणि त्या एकमेकींना चिकटवून लिहितो. मोडी कागद पाहिलेल्यांना याची कल्पना येईल. आधी रेघ ओढायची आणि शब्द न तोडता सलग लिहीत जायचं. ओळीच्या मध्यावर बोट ठेवून वाचायला लागलं, तर शब्द कुठे सुरू झाला ते कळत नाही. मोडी जाणणारा संदर्भावरून ताळ्यावर येतो. संगणक येत नाही. एका बिटचा फरक पडला की त्यापुढचं सगळं त्याला गिचमिड दिसतं, आणि तो "डेटा अवैध आहे" म्हणून काम थांबवतो.

थांबतो तेही बेरकीपणे. जीझिपने फाइल नेहमीच्या पद्धतीने उलगडायला घेतली आणि मध्ये चूक सापडली, तर तोवर उलगडलेला भागही तो पुसून टाकतो. पाहणाऱ्याला वाटतं, काहीच निघालं नाही. खरं तर पहिली टेप पूर्ण आणि दुसरीचा बराचसा भाग व्यवस्थित उलगडलेला असतो. उलगडलेला मजकूर फाइलमध्ये न ठेवता सरळ पुढच्या प्रोग्रॅमकडे, म्हणजे टारकडे, सोडायचा. मग जखमेपर्यंतच्या सगळ्या फाइली हाती लागतात. हा जुन्या लोकांचा नेम होता, आणि आजही पहिला प्रयत्न हाच करावा.

पण त्याच्याही आधी एक काम आहे, आणि सगळी मदार त्यावर आहे. टेपवरून थेट काही उलगडायला जायचं नाही. प्रत्येक टेपची जशीच्या तशी कच्ची प्रत आधी हार्डडिस्कवर घ्यायची, चुकांसकट. टेप जुनी आहे, ती किती वेळा धावेल याची खात्री नाही. एकदा कच्ची प्रत हाती आली की प्रयोग शंभर करा, टेपला हात लागत नाही. डीडीएस-२ची एक टेप सरळ वाचायला दोन-तीन तास लागतात. खराब जागी ड्राइव्ह पुन्हापुन्हा मागे जाऊन वाचतो तेव्हा त्याहून कितीतरी जास्त.

प्रत घेण्याआधी कॅसेटच्या कडेचा लेखनबंदीचा खटका सरकवून घ्यावा. हे क्षुल्लक वाटतं, पण सर्वांत मोठा घात इथेच होतो. टेपच्या सुरुवातीला चुकून जरा जरी काही लिहिलं गेलं, तरी ड्राइव्ह तिथे "इथे मजकूर संपला" अशी खूण टाकतो. खुणेपलीकडे जुना मजकूर जसाच्या तसा असतो, पण साधा ड्राइव्ह त्या खुणेच्या पुढे जायला तयार होत नाही. मग काम विशेष यंत्रं असलेल्या तज्ज्ञाकडेच न्यावं लागतं.

ड्राइव्ह कुठला वापरायचा यालाही महत्त्व आहे. डीडीएसमध्ये व्हीसीआरप्रमाणे डोकं गोल फिरत तिरक्या रेघा ओढतं. ज्या ड्राइव्हचं डोकं किंचित वाकडं बसलेलं होतं, त्याच्या रेघाही वाकड्या, आणि त्या त्यालाच नीट वाचता येतात. म्हणून कॅसेटसोबत जुना ड्राइव्ह सापडला, तर तो भंगारवाल्याला देऊ नका. दुसरं असं की "खराब" ठरलेल्या कित्येक टेप खराब नसतात, ड्राइव्हचं डोकं मळलेलं असतं. सफाईची कॅसेट फिरवून पुन्हा पाहावं. मात्र टेपवर बुरशीचे पांढरे ठिपके दिसत असतील, तर ती ड्राइव्हमध्ये घालूच नये. गोवा-कोकणातल्या पावसाळ्यांतून गेलेल्या टेपांची ही आधी तपासण्याची गोष्ट. बुरशी डोक्याला चिकटते आणि पुढच्या चांगल्या टेपांवरही पसरते.

आता कच्च्या प्रती हातात आहेत असं धरू. पहिली गफलत इथे होते. कोणी हुशार मुलगा चारही प्रती तपासतो. पहिलीच्या तोंडाशी जीझिपची ओळखखूण दिसते. दुसरी, तिसरी, चौथी यांत काहीच ओळखू येत नाही, नुसता गोंधळ. तो म्हणतो, पहिलीच टेप चांगली आहे. तसं नसतं. प्रवाह एकच आहे, त्याचं तोंड पहिल्या टेपवर आहे, आणि बाकीच्या "मागील पानावरून पुढे चालू" आहेत. चारही प्रती क्रमाने जोडल्या की त्यांना अर्थ येतो. लेबलं पुसली असतील, तर क्रमही जुळवून पाहावा लागतो.

जोडतानाचा सांधा हा या कामातला सर्वांत नाजूक भाग. टेप संपत आली की ड्राइव्ह प्रोग्रॅमला इशारा देतो. त्या घटकेला जो तुकडा लिहिला जात होता त्याचं काय झालं, ते प्रोग्रॅमवर अवलंबून असतं. कुणी तो तुकडा पहिल्या टेपवर पूर्ण करतो. कुणी खात्रीसाठी तोच तुकडा दुसरीच्या सुरुवातीला पुन्हा लिहितो. कुणी प्रत्येक टेपच्या तोंडाशी स्वतःची छोटी चिठ्ठी लावतो, टेप क्रमांक अमुक म्हणून. ती चिठ्ठी दाबलेल्या प्रवाहाचा भाग नसते. नुसत्या प्रती एकाला एक जोडल्या, तर सांध्यावर एक तुकडा दोनदा येतो किंवा चिठ्ठी मध्येच घुसते, आणि उलगडणारा प्रोग्रॅम नेमका तिथे मान टाकतो. टेपला काहीही झालेलं नसतं.

म्हणून प्रोग्रॅम कुठल्या बाइटवर थांबला ते आधी पाहावं. तो आकडा पहिल्या टेपच्या लांबीच्या अगदी जवळ असेल, तर दोष टेपचा नाही, सांध्याचा आहे. पहिल्या प्रतीचा शेवटचा तुकडा आणि दुसरीचा पहिला तुकडा शेजारी ठेवून ताडून पाहावेत. सारखे असतील तर एक काढून टाकावा. चिठ्ठी दिसली तर ती काढावी. माझ्या मते अशा कामात सर्वांत आधी संशय घ्यावा तो सांध्याचा, कारण तो दोष पूर्ण दुरुस्त होतो.

खरीच जखम असेल, म्हणजे दुसऱ्या टेपच्या मधला काही भाग वाचताच येत नसेल, तर पुढचं काम चिकाटीचं. जीझिपचा प्रवाह आतून लहानमोठ्या गठ्ठ्यांचा असतो आणि दर गठ्ठ्याला खुणांची यादी नव्याने सुरू होते. जखमेच्या पुढे एकेक बिट सरकत, इथून गठ्ठा सुरू होतो का, असं करून पाहायचं. बहुतेक जागी लगेच विसंगती निघते. एखाद्या जागी निघत नाही, अक्षरं नीट येऊ लागतात. तिथून उलगडत जायचं. पहिले काही हजार बाइट भोकाभोकांचे येतात, कारण "वरीलप्रमाणे"मधलं वरचं पान हरवलेलं असतं. हळूहळू भोकं विरळ होतात, आणि टारची एखादी धड चिठ्ठी सापडली की त्यापुढच्या फाइली पुन्हा नावानिशी मिळू लागतात. हे करणारी मोफत साधनं आहेत. जखमेच्या आसपासच्या काही फाइली जातात, पण तिसरी आणि चौथी टेप वाचते. "पुढचं सगळं गेलं" हे वाक्य म्हणूनच लगेच मान्य करू नये.

बॅकअप २०००नंतरचा असेल, तर तो 'बीझिप-२'ने दाबलेला असण्याची शक्यता आहे. तसं असेल तर नशीब चांगलं. १९९६मध्ये आलेला हा प्रोग्रॅम फार तर ९०० किलोबाइटचे स्वतंत्र गठ्ठे करतो. एका गठ्ठ्याचा दुसऱ्याशी संबंध नाही, आणि प्रत्येकाच्या तोंडाशी एकच ठरलेली खूण असते: ३१४१५९२६५३५९. शाळेतला पाय, बारा आकड्यांपर्यंत! त्याच्यासोबतच येणारं दुरुस्तीचं साधन अख्ख्या प्रवाहात पाय शोधत जातं आणि सापडेल तो गठ्ठा वेगळा काढून ठेवतं. एक गठ्ठा खराब निघाला, तर तेवढाच जातो.

मोठ्या प्रमाणावर हेच काम कसं होतं, याचं एक उदाहरण गूगलच्या अभियंत्यांनी स्वतः २०१६मध्ये पुस्तकात लिहून ठेवलं आहे. मार्च २०१२मध्ये गूगल म्युझिकमधल्या एका सफाईच्या प्रोग्रॅमने नको ती गाणी पुसली. सुमारे ६ लाख ध्वनिफाइली, २१ हजार लोकांच्या. त्यांतल्या ४,३६,२२३ फाइलींचा बॅकअप टेपवर होता, आणि त्या टेप दूरच्या गोदामात. पाच हजारांवर टेप ट्रकने आणाव्या लागल्या. टेप भरणाऱ्या यंत्रमानवापेक्षा माणसांचे हात लवकर काम करतील असं दिसलं, म्हणून माणसांनी हाताने टेप भरल्या. त्यांतल्या १७ टेप खराब निघाल्या. तरी त्यांच्यावरचा डेटा गेला नाही.

कारण लिहितानाच जोडीला जादा टेप लिहून ठेवल्या होत्या. तत्त्व शाळकरी आहे. तीन टेपांवर ७, ५ आणि ९ हे आकडे आहेत, चौथीवर त्यांची बेरीज २१ लिहिली. मधली टेप गेली, तर २१मधून ७ आणि ९ वजा करायचे. ५ परत मिळतो. चारपैकी कुठलीही एक गेली तरी चालते. आपल्या खोक्यातल्या चार टेपांत अशी बेरजेची टेप नाही, चारही एकमेकींच्या आधारावर उभ्या आहेत, हाच फरक. उरलेली सुमारे १ लाख ६१ हजार गाणी मात्र बॅकअप होण्याआधीच पुसली गेली होती. ती कुठल्याही टेपवर नव्हती. त्यातली दुकानातली गाणी कंपनीकडे होतीच, पण लोकांनी स्वतः चढवलेली पुन्हा मागावी लागली.

आता आपल्या लोकांना खास लक्षात ठेवावी लागेल अशी गोष्ट, जी इंग्रजी पुस्तकांत सापडणार नाही. उलगडलेला तुकडा बरोबर आहे की नाही, हे तज्ज्ञ डोळ्यांनी पाहून ठरवतो. इंग्रजी शब्द दिसले की बरोबर, गिचमिड दिसली की चूक. पण १९९७चा मराठी मजकूर त्याला गिचमिडच दिसणार! तेव्हा आजचं युनिकोड घरोघरी पोचलं नव्हतं. काही ठिकाणी मजकूर इस्की या भारतीय प्रमाणात असे, आणि त्यात मराठी अक्षरं १६०च्या वरच्या क्रमांकांवर बसतात. 'क' हा १७९. विंडोजवरच्या बहुतेक फाँटांत तर रोमन अक्षरांच्या जागीच देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. फाँट नसेल, तर "कुलवृत्तांत" हा शब्द स्वल्पविराम, कंस आणि उलटसुलट अक्षरांची खिचडी दिसतो. परगावच्या तंत्रज्ञाने तो चांगला तुकडा "खराब" म्हणून फेकून द्यायला वेळ लागत नाही.

तेव्हा काम बाहेर देताना एका कागदावर हे लिहून द्यावं: मजकूर मराठी आहे, युनिकोडपूर्वीचा आहे, जे वाचता येत नाही तेही टाकू नका. तेव्हा कुठलं मराठी सॉफ्टवेअर वापरत होते ते ज्येष्ठांना विचारून लिहावं. नुसतं नाव आठवलं तरी निम्मं काम होतं. त्याच बॅकअपमध्ये फाँटच्या फाइलीही असतात, त्या आवर्जून मागून घ्याव्यात. त्यांच्याशिवाय मजकूर युनिकोडमध्ये बदलताना अंदाजाने चाचपडावं लागतं. इस्कीची एक गंमत अशी की देवनागरी, गुजराती, कन्नड अशा लिप्यांना त्यात तेच क्रमांक आहेत. बेळगावात किंवा वडोदऱ्यात टाइप केलेली फाइल उघडताना लिपी चुकीची निवडली गेली, तर आजोबांची मराठी कन्नड किंवा गुजराती अक्षरांत समोर येते. घाबरू नये, लिपी बदलली की झालं.

निघालेल्या फाइली पुन्हा साठवताना सगळ्यांची एक मोठी दाबलेली फाइल करू नये. झिपमध्ये प्रत्येक फाइल वेगळी दाबली जाते, म्हणून एकीची जखम दुसरीला लागत नाही. मजकूर आणि कागदपत्रांना ते पुरेसं आहे. फोटोंच्या जेपीजी फाइली मुळातच दाबलेल्या असतात, त्या तशाच ठेवाव्यात. आणि टेपांच्या कच्च्या प्रती, अर्धवट निघालेल्यासुद्धा, पुसू नयेत. चार टेपांच्या मिळून बहुधा १६ जीबीच्या आसपास होतात, म्हणजे ३२ जीबीच्या एका पेनड्राइव्हमध्ये मावतात. दोन पेनड्राइव्ह घ्यावेत, एक वडोदऱ्याला आणि एक दुसऱ्या गावी आत्याकडे.